पॉवर सप्लायला आरएफची (रेडिओ लहरींची) बाधा होते का, ते गाळ्यातल्या टेबलावर कसं तपासायचं

कुपवाड एमआयडीसीत, मिरजेत, माधवनगरला छोटे कंट्रोलर बनवणारे लई जण आहेत, कुणी ड्रिपचा टायमर, कुणी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा टेंपरेचर कंट्रोलर, कुणी पंपाचा पॅनल, आणि त्या सगळ्यांच्या पोटात एक पॉवर सप्लाय असतोच. तो सप्लाय लोड ओढतो का, गरम होतो का, गावाकडं लाइट १६० व्होल्टवर आली तरी चालतो का, हे सगळे तपासतात. पण दोन फुटांवर उभं राहून कुणी वॉकीटॉकीचं बटण दाबलं तर तो काय करतो हे कुणी बघत नाही. मग साइटवरून फोन येतो, "रात्री वॉचमन राउंडला आला की डिस्प्ले उडतोय", आणि आपण डिस्प्ले बदलून देतो. कार्ड बदलतो. मग सेन्सर. दोष मात्र सप्लायमध्ये तसाच बसलेला.

एसएमपीएस, म्हणजे आत झपाट्यानं चालू-बंद होत चालणारा पॉवर सप्लाय, स्वतः किती कचरा बाहेर फेकतो, रेडिओत किती खरखर आणतो, ती वेगळी टेस्ट. इथं उलटं बघायचंय, बाहेरचा आरएफ आत शिरल्यावर सप्लाय जागेवर राहतो का. याला इम्युनिटी म्हणतात. त्याची पक्की टेस्ट लॅबमध्येच होते, पण लॅबला जायच्या आधी नव्वद टक्के प्रकार आपल्याच टेबलावर कळतात, टक्केवारी माझी अंदाजपंचे आहे, पण लॅबचं तासाचं भाडं बघितलं की तुम्हालापण तसंच वाटेल.

आधी आत काय होतं ते समजून घ्या, नाहीतर टेस्ट करताना नुसतं काटा हलला, काटा नाही हलला एवढंच कळेल. साधारण एसएमपीएसमध्ये आउटपुटचा थोडा भाग दोन रेझिस्टरनी पाडून टीएल४३१ या आयसीच्या रेफरन्स पिनला दिलेला असतो, तिथं २.५ व्होल्ट धरून ठेवायचे एवढंच त्याचं काम, आणि ऑप्टोकपलरमधून (उजेडानं सिग्नल पलीकडं नेणारा भाग) तो प्रायमरीला, म्हणजे मेनच्या बाजूला, सांगतो की वाढव किंवा कमी कर. आता या पिनवर आरएफ आला तर आयसीला ५० मेगाहर्ट्झ वगैरे समजत नाही, पण आतल्या ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन शेवटी डायोडच आहे, ते त्या आरएफला रेक्टिफाय करतं आणि त्याचा डीसी करून टाकतं. समजा त्यामुळं पिनवर २५ मिलिव्होल्टचा फरक पडला, तर तो २.५ चा एक टक्का झाला, म्हणजे आउटपुटपण एक टक्का सरकलं. फीडबॅकला वाटतं आउटपुट वाढलं किंवा कमी झालं आणि तो इमानदारीनं चुकीच्या दिशेला दुरुस्त करत बसतो. एलएम७२३ या रेग्युलेटर आयसीवाल्या जुन्या लिनिअर सप्लायमध्येपण हेच, करंट लिमिटच्या ट्रान्झिस्टरला आरएफ लागला तर लोड नसताना लिमिट लागतं, आणि क्रोबारच्या (व्होल्टेज जास्त झालं की आउटपुट शॉर्ट करणाऱ्या सर्किटच्या) एससीआरच्या गेटला लागला तर सप्लाय एकदम झोपतो आणि बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही.

आणि आरएफ शिरतो कुठून? तारेतून. हे एवढं डोक्यात पक्कं ठेवा, पुढची सगळी शोधाशोध याच्यावरच आहे. आपली आकाशवाणी सांगली मिडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झची, त्या लाटेची लांबी होते जवळपास २४० मीटर, त्याच्यापुढं आपला वीतभर डबा म्हणजे काहीच नाही, तो अँटेना होऊच शकत नाही. पण त्याला लावलेली मेनची केबल, आउटपुटची दोन मीटर वायर, सेन्सरची दहा मीटर वायर, या अँटेना होतात. ३०० भागिले मेगाहर्ट्झ केलं की मीटरमध्ये लांबी येते, त्याचा चौथा हिस्सा जेवढा, तेवढी वायर त्या फ्रिक्वेन्सीला मस्त आरएफ ओढते. दोन मीटर वायर म्हणजे ३७ मेगाहर्ट्झच्या आसपास. स्टँडर्डनीपण म्हणूनच भाग पाडलेत. आयईसी ६१०००-४-६ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये १५० किलोहर्ट्झ ते ८० मेगाहर्ट्झचा आरएफ थेट केबलमध्ये घालतात, आणि आयईसी ६१०००-४-३ मध्ये ८० मेगाहर्ट्झच्या वर अँटेनानं हवेतून मारतात. घरगुती वापराच्या मालाला साधारण ३ व्होल्ट आणि ३ व्होल्ट पर मीटर, कारखान्यातल्या मालाला १० आणि १०. दोन्हीत १ किलोहर्ट्झचं ८० टक्के एएम मॉड्युलेशन (आरएफची ताकद सेकंदाला हजार वेळा कमी-जास्त करणं) घालतात, म्हणजे १० ची लेव्हल शिखरावर १८ ला जाते. मिरजेत दवाखान्यांना काही देणार असाल तर मेडिकलचं वेगळं स्टँडर्ड आहे, ते आधी वाचा, तिथं शेजारच्या टेबलावर ऑपरेशनला आरएफनं कापणारं कॉटरी मशीन चालू असतं.

कायद्याचं एक. जनरेटरला अँप्लिफायर लावून त्याला अँटेना जोडायची आणि गाळ्यात हवेत मारायचं हे अजिबात करायचं नाही, ते बेकायदेशीर आहे आणि तुमच्या टेस्टमुळं दुसऱ्याचा वायरलेस बंद पडू शकतो. लॅबमध्ये त्यासाठीच आरएफ बाहेर जाऊ न देणारं बंद चेंबर असतं. लायसन्स न लागणारे ४४६ मेगाहर्ट्झवाले अर्धा वॅटचे वॉकीटॉकी चालतात. हॅम (हौशी रेडिओचं) लायसन्स असेल तर आपल्या बँडात आपल्या शॅकमधला, म्हणजे रेडिओच्या खोलीतला सप्लाय तपासा की बिनधास्त, पण धंद्याच्या मालासाठी हॅमचा बँड वापरायचा नसतो. केबलमध्ये आरएफ घालायची टेस्ट करतानापण पॉवर लागेल तेवढीच, वायर आखूड, आणि काम झालं की लगेच बंद.

आता मांडणी. टेबल लाकडी घ्या. त्यावर जीआयचा किंवा अल्युमिनियमचा पत्रा टाका, जेवढा मोठा मिळेल तेवढा, तो अर्थला जोडा. सप्लाय पत्र्यावर थेट ठेवायचा नाही, मधे १० सेंटिमीटरचं लाकूड किंवा थर्माकोल, स्टँडर्डमध्येपण तेवढंच सांगितलंय. केबल पत्र्यापासून तीन-पाच सेंटिमीटर वर सरळ ठेवा, गुंडाळी करून ठेवली की रोज वेगळा निकाल येईल आणि मग भुताटकी वाटायला लागते. मांडणीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या आठवड्यात परत तशीच मांडायची असते.

लोडला वायरवाउंड रेझिस्टर लावा. गाडीचा २१ वॅटचा बल्ब सगळे लावतात, स्वस्त पडतो, पण गार असताना त्याचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की चालू करतानाच सप्लाय करंट लिमिटला जातो आणि तुम्हाला वाटतं आरएफनं बसला. टेस्ट निदान दोन लोडवर करा, एक अगदी हलका, दहा टक्क्यांचा, आणि एक पूर्ण. हलक्या लोडला एसएमपीएस वेगळ्याच पद्धतीनं चालतो आणि बरेच सप्लाय तिथंच नाचतात.

टेस्ट सुरू करायच्या आधी कागदावर लिहून ठेवा की नापास कशाला म्हणायचं. नंतर ठरवलं की मन आपोआप सवलत देतं. उदाहरणार्थ १२ व्होल्टचा सप्लाय, टेस्ट चालू असताना दोन टक्क्यांपेक्षा जास्त सरकता कामा नये, रिपल १०० मिलिव्होल्टच्या आत, बंद पडता कामा नये. स्टँडर्डच्या भाषेत आरएफ चालू असतानाही काम बिनघोर चाललं तर ए, थोडं हललं पण आरएफ गेल्यावर आपोआप जागेवर आलं तर बी, माणसानं जाऊन रिसेट करावं लागलं तर सी. आरएफच्या या दोन टेस्टमध्ये ए पाहिजे असतो. बी वर समाधान मानणारे गिऱ्हाइकाला "तसं होतं कधीकधी" म्हणून सांगतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, मीटर. तुमचा डिजिटल मल्टिमीटरपण आरएफनं फसतो, त्याच्या प्रोबा म्हणजे मीटरभर लांबीच्या दोन अँटेनाच की. आरएफ चालू केला आणि मीटरवर १२ चे १४ झाले तर ते सप्लायचे असतील किंवा मीटरचे, बघून सांगता येत नाही. त्यामुळं मीटरच्या प्रत्येक प्रोबेत टोकाजवळच १ के चा रेझिस्टर घाला आणि मीटरच्या बाजूला दोन्हीच्या मधे १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, वायर एकमेकांत पिळून घ्या, त्यावर फेराइटचा क्लिप बसवा. आणि मग खरी परीक्षा, सप्लाय काढून त्याच जागी १२ व्होल्टची बॅटरी ठेवा, तीच केबल, तोच लोड, आणि तोच आरएफ मारा. बॅटरीत फीडबॅक नाही, तिला आरएफनं काही फरक पडत नाही. तरीपण मीटर हलला तर खोटं मीटर बोलतोय. ही बॅटरीची परीक्षा पास झाल्याशिवाय सप्लायला हात लावू नका. मी तर प्रत्येक टेस्टच्या आधी हे करतोच, दहा मिनिटं जातात पण नंतरची भांडणं वाचतात.

दुसरी युक्ती कानाची. आउटपुटवरून कपॅसिटर घालून एक छोटा बॅटरीवरचा ऑडिओ अँप्लिफायर आणि स्पीकर लावा, त्याच्या तोंडाशीपण वरचाच फिल्टर. आरएफमध्ये १ किलोहर्ट्झचं एएम असेल आणि सप्लाय त्याला रेक्टिफाय करत असेल तर आउटपुटवर १ किलोहर्ट्झची शिट्टी येते. आपला डोळा मीटरवर बसून दमतो, कान दमत नाही. बॅटरीची परीक्षा यालापण लागू.

आता सुरुवात सोप्या टेस्टनं. ४४६ मेगाहर्ट्झचा वॉकीटॉकी घ्या, सप्लायपासून एक मीटरवर बटण दाबा, मग अर्धा मीटर, मग २० सेंटिमीटर, आणि केबलच्या कडेकडेनं फिरवा. अँटेना उभी आणि आडवी दोन्ही धरून बघा. फील्डचा अंदाज असा काढायचा, वॅटचं वर्गमूळ गुणिले ७, भागिले मीटरमधलं अंतर. अर्ध्या वॅटला एका मीटरवर साधारण ५ व्होल्ट पर मीटर, अर्ध्या मीटरवर १०. वॉकीटॉकीची बुटकी अँटेना पूर्ण पॉवर बाहेर टाकत नाही, त्यामुळं प्रत्यक्षात याच्यापेक्षा कमीच धरा, आणि एकदम चिकटवून धरलं तर हे सूत्रच लागू होत नाही. वॉकीटॉकी एफएमवर चालतो, म्हणजे शिट्टी येणार नाही, बटण दाबताना आणि सोडताना मीटर झटका खातो का ते बघायचं. पटापट दाबून सोडून बघा.

मग जुना बटणाचा टूजी मोबाइल. जीएसएमचा फोन सलग ट्रान्समिट करत नाही, सेकंदाला २१७ वेळा झटके देतो, ९०० मेगाहर्ट्झला झटक्याची ताकद जास्तीत जास्त २ वॅट. स्पीकरजवळ फोन ठेवल्यावर जी टिडिक-टिडिक आणि गुरगुर यायची ती हीच. पण टॉवर जवळ असला तर फोन आपली पॉवर कमी करतो, त्यामुळं विश्रामबागेत पूर्ण कांड्या असताना केलेली टेस्ट म्हणजे काहीच नाही. नेटवर्क जिथं मरतुकडं आहे अशा जागी, तळघरात किंवा मळ्यात जाऊन कॉल लावा आणि फोन केबलवर ठेवा. जिओचं सिम चालणार नाही, त्यांच्याकडं टूजी नाहीच.

ही झाली ढोबळ परीक्षा, आणि यातच नापास झाला तर पुढं जायची गरज नाही, आधी दुरुस्त करा. पास झाला तर केबलमध्ये आरएफ घालायचा.

मेनच्या बाजूला घरी बनवलेलं काही जोडू नका. एसएमपीएसच्या प्रायमरीला ३२५ व्होल्ट डीसी असतात, स्कोपचा अर्थ चुकीच्या ठिकाणी लागला तर धूर निघतो किंवा माणूस जातो. मेनसाठी तयार सीडीएन (ते काय ते लगेच सांगतो) विकत मिळतो किंवा लॅबमध्येच होऊ दे. डीसी आउटपुटच्या बाजूला मात्र घरी जमतं. सीडीएन म्हणजे केबलच्या सगळ्या वायरींत एकसारखा आरएफ घालणारी आणि तो पलीकडं लोडकडं जाऊ न देणारी डबी. दोन वायरींसाठी प्रत्येकीला २०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्हींची दुसरी टोकं एकत्र करून बीएनसी कनेक्टरला. दोन २०० पॅरललमध्ये म्हणजे १००, अधिक अँप्लिफायरचे ५०, झाले १५० ओहम, स्टँडर्डला तेवढेच पाहिजेत. रेझिस्टर कार्बनचे किंवा मेटल फिल्मचे, वायरवाउंड इथं चालणार नाहीत. आणि लोडच्या बाजूला चोक, दोन्ही वायरी एकत्र धरून एकाच टोरॉइडवर (कडीसारख्या कोअरवर) गुंडाळायच्या, निदान २८० मायक्रोहेन्री यायला पाहिजेत, मोठ्या ४३ नंबरच्या फेराइटवर सतरा-अठरा वेढ्यांत येतात, एलसीआर मीटरवर मोजून घ्या. मेलेल्या कॉम्प्युटर एसएमपीएसमधला मेन फिल्टरचा चोकपण चालतो. त्याच सप्लायमधला पिवळा-पांढरा टोरॉइड मात्र घेऊ नका, तो लोखंडी पावडरीचा असतो, कितीपण गुंडाळा, इंडक्टन्स येत नाही. सगळं पत्र्याच्या डबीत बसवा, डबी खालच्या पत्र्याला चिकटवून, आणि सप्लायपासून १० ते ३० सेंटिमीटरवर.

सिग्नलला टायनीएसए सारखं छोटं यंत्र चालतं, त्यात जनरेटर आहे आणि एएमपण आहे. पण त्याची ताकद मिलिवॅटच्याही खाली, त्यामुळं मधे अँप्लिफायर लागतो. १० व्होल्टच्या लेव्हलला सीडीएनमधून साधारण ७ वॅट लागतात, ३ व्होल्टला पाऊण वॅटच्या आत भागतं. सीडीएनऐवजी केबलवर क्लँप लावून घालायचं म्हटलं तर १० व्होल्टला पावणेदोनशे वॅटपर्यंत जातं, म्हणून मी सीडीएनच्या मागं लागतो. आधी ३ व्होल्टनं करा.

लेव्हल लावायची रीत: सप्लाय काढा, सीडीएनच्या त्या टोकाला दोन्ही वायरी जोडून १०० ओहम सिरीजमध्ये घालून स्कोपच्या ५० ओहमला न्या. मॉड्युलेशन बंद ठेवून स्कोपवर जे आरएमएस दिसेल ते लेव्हलचा सहावा हिस्सा पाहिजे, म्हणजे ३ व्होल्टसाठी अर्धा व्होल्ट, १० साठी १.६७. पाच-दहा फ्रिक्वेन्सींवर जनरेटर किती ठेवला की हे येतं त्याची वहीत नोंद करा. मग सप्लाय जोडा, मॉड्युलेशन चालू करा, आणि जनरेटर नोंदीप्रमाणे. सप्लाय जोडल्यावर परत लेव्हल मोजून "दुरुस्त" करत बसायचं नाही.

स्कॅन १५० किलोहर्ट्झपासून ८० मेगाहर्ट्झपर्यंत एक-एक टक्क्यानं वर. सहाशे तीसेक पायऱ्या होतात, प्रत्येकीवर दोन-तीन सेकंद थांबलं तर अर्धा तास. स्टँडर्डला किमान अर्धा सेकंद चालतो, पण सप्लायचा लूप आणि तुमचा मीटर दोघंही आळशी असतात. जिथं आउटपुट हललं तिथं थांबा, लेव्हल खाली आणा, कुठल्या लेव्हलला हलणं बंद होतं ते लिहा. हा आकडा सगळ्यात कामाचा, कारण दुरुस्ती केल्यावर किती फरक पडला ते यावरूनच कळतं. नुसतं पास-नापास लिहिलेल्या वहीचा काही उपयोग नाही.

आता शिरकाव शोधायचा. समजा ३५ मेगाहर्ट्झला आउटपुट सरकतंय. आउटपुटची केबल दोनाची तीन मीटर करा. फ्रिक्वेन्सी खाली सरकली तर त्या केबलनंच आरएफ आणला. नाही सरकली तर दुसरी केबल बदलून बघा, मेनची, सेन्सरची. कुठलीच लांबी बदलून फरक पडत नसेल तर आतली वायरिंग किंवा पीसीबीचा ट्रॅक. एकेका केबलवर फेराइट क्लिप चढवून बघायची पद्धतपण आहे, पण कमी फ्रिक्वेन्सीला एक क्लिप म्हणजे काहीच नाही, तिथं टोरॉइडमधून केबलचे सात-आठ वेढे घ्यावे लागतात.

आत गेल्यावर पहिला संशय समोरच्या पॅनलवर गेलेल्या वायरींवर घ्या. व्होल्टेज अॅडजस्टचा पॉट, रिमोट सेन्सचे टर्मिनल, मीटरच्या वायरी, यातली पॉटची वायर सरळ फीडबॅकच्या पिनला जाते, म्हणजे आरएफला आत यायला दारच उघडं. पिनपाशी १ के सिरीजमध्ये आणि पिनवरून ग्राउंडला एक नॅनोफॅरड, तोही पाय अगदी आखूड कापून, बऱ्याच वेळा एवढ्यावर काम होतं. टर्मिनलपासून चॅसीला १० नॅनोफॅरड दोन्ही बाजूंना, टर्मिनलच्या बुडाशीच. चॅसीचा पेंट स्क्रूखाली खरवडलेला पाहिजे, पावडर कोटिंगवर घट्ट आवळलेला स्क्रू दिसायला अर्थ असतो पण नसतो. क्रोबारच्या एससीआरला गेट ते कॅथोड ०.१ मायक्रोफॅरड आणि शेजारी रेझिस्टर.

पण कपॅसिटर मनाला येईल तेवढा मोठा घालू नका. टीएल४३१ च्या कॅथोडवर चुकीच्या किमतीचा कपॅसिटर बसला तर तो स्वतःच ऑसिलेट करायला लागतो, आणि रेफरन्स पिनवर जास्त कपॅसिटर घातला की लूप सुस्त होतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर लोड एकदम चालू-बंद करून स्कोपवर बघा, आउटपुट एकदा हलून शांत होतं की थरथरत राहतं. मेनच्या बाजूला अर्थकडं जाणारे कपॅसिटर फक्त वाय रेटिंगचेच, आणि तेपण वाढवले की अर्थ लीकेज वाढतो, मग ईएलसीबी ट्रिप होण्याची नवी तक्रार येते.

दुरुस्ती झाली की त्याच मांडणीत, त्याच केबलनं, पूर्ण स्कॅन परत, फक्त जिथं हलत होतं तेवढ्याच जागी नाही. एक भोक बुजवलं की आरएफ दुसरीकडून डोकं काढतो, ३५ चं गेलं आणि ६२ ला नवीन आलं असं हमखास होतं. दोन्ही लोडवर करा. मग वॉकीटॉकी आणि फोन परत फिरवा.

एवढं झालं की लॅबची वेळ. ८० मेगाहर्ट्झच्या वरचं पक्कं काम चेंबरशिवाय होत नाही, पुण्यात एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडं गाड्यांच्या मालासाठी सोय आहे, समीर या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेची केंद्रंपण हे काम करतात, शिवाय खासगी लॅब आहेत. जाताना दोन नग न्या, लोड आपला न्या, केबल साइटवर जेवढी असते तेवढ्याच लांबीची न्या, आणि आउटपुट चेंबरच्या बाहेरून कसं बघणार ते त्यांना फोनवर आधी विचारा, नाहीतर तिथल्या तासाच्या मीटरवर आपण मल्टिमीटरच्या वायरी कुठून काढायच्या यावर चर्चा करत बसतो. थोडे फेराइट क्लिप, एक नॅनो आणि दहा नॅनोचे सिरॅमिक, एक सोल्डरिंग गन बॅगेत असू द्या, आणि वहीपण.